संगीत रंगभूमीवरील जुन्या ऑर्गनचे पुनरुज्जीवन व घरातील स्थापना : वऱ्हाडच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात नाटककार, गायक नट आणि पदे यांची नोंद विपुल झाली आहे. त्या मानाने रंगमंचापुढे बसून रात्रभर गायकाला स्वराचा आधार देणाऱ्या वाद्यांची भौतिक नोंद फारच थोडी झाली. या वाद्यांपैकी पायाने चालविला जाणारा ऑर्गन हे वाद्य नाट्यसंगीताच्या परिपूर्ण काळाशी विशेष निगडित आहे. परदेशातील त्याचे कारखाने बंद पडले; कंपन्यांची बिऱ्हाडे मोडली; आणि उरलेली वाद्ये वाडे, मंदिरे, शाळा व चर्च यांच्या आश्रयाला गेली. अशा वाद्याची दुरुस्ती करून ते घरात वाजते ठेवण्याची इच्छा अनेक संगीतप्रेमींना होते. ही इच्छा स्तुत्य असली तरी अजाणतेपणी केलेल्या दुरुस्तीने वाद्य चकचकीत होते आणि त्याचा मूळ नाद मात्र कायमचा नाहीसा होतो.

प्रस्तुत लेखात ऑर्गनची रचना, त्याच्या पुनरुज्जीवनाची प्रक्रिया आणि अमरावती-अकोला परिसरातील हवामानात त्याची घरातील स्थापना या तीन अंगांचा विचार केला आहे. ऑर्गनचे काही भाग झिजण्यासाठी व बदलण्यासाठीच केलेले असतात, तर काही भाग हेच मूळ वाद्य असते. हा भेद ओळखणे म्हणजे पुनरुज्जीवनाचे निम्मे शास्त्र होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. नळ्यांचा ऑर्गन, पायपेटी आणि ऑर्गन

'ऑर्गन' या एकाच शब्दाने भिन्न वाद्यांचा बोध होत असल्याने प्रथम त्यांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य चर्चमधील मोठा ऑर्गन नळ्यांचा असतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या ठिकाणी तो पाहावयास मिळतो. याच नळ्यांच्या ऑर्गनला विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चित्रपटगृहाचे रूप मिळाले. रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज कारागिराने १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीत प्रवेश केल्यानंतर मूकपटांना साथ देणारे असे दोन हजारांहून अधिक ऑर्गन त्या कंपनीने तयार केले. १९२७ नंतर बोलपट आले आणि ही वाद्ये निरुपयोगी ठरली. पुढे हौशी मंडळींनी ती विकत घेऊन आपल्या घरांत बसविली. १९५५ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

मराठी रंगभूमीवरील ऑर्गनचे भवितव्य याहून फार वेगळे नव्हते. वाद्याची जात मात्र वेगळी होती. हा ऑर्गन नळ्यांचा नसून पितळी रीडचा आहे. अलेक्झांद्र दबें याने १८४२ मध्ये पॅरिस येथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्या वाद्यात भाता हवा दाबून रीडमधून बाहेर ढकलतो. आपली हातपेटी व पायपेटी याच तत्त्वावर चालतात. अमेरिकी ऑर्गनमध्ये क्रिया नेमकी उलट असते. भाता आतील हवा उपसून काढतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत खेचली जाते. पायपेटीचा स्वर धारदार व थेट येतो, तर ऑर्गनचा स्वर गोल, मृदू आणि किंचित दूरून आल्यासारखा वाटतो, याचे एक प्रमुख कारण या उलट्या क्रियेत आहे. बोस्टनची मेसन अँड हॅम्लिन (स्थापना १८५४) आणि व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथील एस्टी या कंपन्या या क्षेत्रात अग्रगण्य होत्या. एकट्या एस्टी कंपनीने पाच लाखांहून अधिक रीड ऑर्गन तयार केले. १९६० मध्ये तिचे काम थांबले.

नळ्यांच्या ऑर्गनपेक्षा रीडचा ऑर्गन आपल्या हवामानाला मानवणारा आहे, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. नळीतील स्वर हा आतल्या हवेच्या कंपनावर अवलंबून असतो आणि तपमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तो सुमारे तीन सेंटने चढतो. (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग.) हिवाळ्यात २० अंश व उन्हाळ्यात ४० अंश असलेल्या खोलीत अशा ऑर्गनचा स्वर अर्धस्वराच्या निम्म्याहून अधिक हलेल. रीडचा स्वर मुख्यतः पितळी जिभेच्या लांबी-जाडीवर ठरत असल्याने त्यात तपमानाने पडणारा फरक अत्यल्प असतो. वऱ्हाडात ऑर्गनला धोका आहे तो लाकूड, कातडे व कापड यांच्या बाजूने. पितळाच्या बाजूने नाही.

२. संगीत रंगभूमी, ऑर्गन आणि वऱ्हाड

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला, तेव्हा ऑर्गन मराठी रंगभूमीवर नव्हता. हातपेटी आली तीही नंतर. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर कांबळे व पुढे हरिभाऊ देशपांडे अशी साथ प्रसिद्ध झाली.

ऑर्गनला हे स्थान मिळण्यास रंगभूमीच्या व्यावहारिक गरजा कारणीभूत होत्या. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. गायकाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागे आणि त्याखाली अखंड आधारस्वर हवा असे. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनमध्ये भाता पायांकडे गेल्याने दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. शिवाय गुडघ्याने सरकवावयाच्या फळीमुळे हात न उचलता नाद लहान-मोठा करता येतो. गद्य संवाद संपत असताना पदाचा षड्ज हळूच सोडणे आणि 'वन्स मोअर'च्या गलक्यातही तो स्थिर ठेवणे या वाद्याला सहज साधे.

वऱ्हाडचा संगीत रंगभूमीशी असलेला संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. १९०५ मध्ये मुंबई येथे भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी भूषविले होते. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' या नाटकात ललितकलादर्शचे केशवराव भोसले गाजले, तर त्यांचे 'रणदुंदुभी' (१९२७) हे नाटक बळवंत संगीत मंडळीने दीनानाथ मंगेशकरांसह रंगभूमीवर आणले. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ पासून अकोला व बडनेऱ्यावरून धावत होता. पडदे, पेटारे आणि जड वाद्ये घेऊन फिरणाऱ्या कंपन्यांना तो सोयीचा होता. या परिसरात ऑर्गन येण्याचा दुसराही एक मार्ग होता. अकोला-अमरावती भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, आणि अमेरिकी मिशनांच्या उपासनेत रीड ऑर्गन हे नेहमीचे वाद्य होते.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. बोलपटाच्या लाटेत अनेक कंपन्या मोडल्या आणि त्यांची वाद्ये विखुरली. ऑर्गनवादनाची परंपरा मात्र खंडित झाली नाही. गोविंदराव पटवर्धन (१९२५-१९९६) आणि तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) यांनी ती पुढील पिढीपर्यंत आणली. परंपरा टिकली, परंतु वाद्ये म्हातारी होत गेली. म्हणूनच पुनरुज्जीवनाचा प्रश्न आज महत्त्वाचा ठरतो.

३. वाद्याची अंतर्रचना

ऑर्गनचे तीन मजले कल्पिता येतात. तळाशी दोन उपसणारे भाते असतात व ते दोन पॅडलना जोडलेले असतात. त्यांच्यामागे एक मोठा साठवण भाता असतो. आतील स्प्रिंगा त्याला सतत उघडा ठेवू पाहतात, तर उपसलेल्या हवेमुळे तो मिटत जातो. या दोहोंच्या ओढाताणीतून एकसारखी ओढ निर्माण होते. मधल्या मजल्यावर हवेची पेटी व तिच्यावर रीडची फळी असते. या फळीत लहान लहान खाचा कोरलेल्या असून प्रत्येक खाचेत एक रीड सरकवून बसविलेली असते. पेटीवाले तिला नुसते 'सूर' म्हणतात. प्रत्येक रीडखाली कातडे व नमदा लावलेली एक झडप असते. पट्टी दाबली की लाकडी खुंटी खाली जाते, झडप उघडते आणि हवा रीडमधून आत शिरते. सर्वांत वर पट्ट्या व ओढावयाचे खटके असतात. खटका ओढल्यावर त्या ओळीवरील झाकण उघडते.

पाच सप्तकांच्या नेहमीच्या वाद्यात ६१ पट्ट्या असतात. रीडच्या दोन ओळी असल्यास १२२, तीन असल्यास १८३ रीड होतात. काही वाद्यांत खर्जाच्या १३ रीड वेगळ्या असतात. काहींत 'व्होक्स ह्युमाना' नावाचा खटका असतो. तो ओढला असता पुठ्ठ्याचा एक पंखा रीडसमोर फिरून स्वराला कंप देतो.

रीडची जीभ सपाट नसते. तिचे टोक किंचित वाकविलेले व पिळलेले असते. या वळणामुळे स्वर लवकर बोलतो आणि त्याचा कर्कशपणा जातो. ही युक्ती एमन्स हॅम्लिन यांच्या नावाशी जोडली जाते. ऑर्गनचा नाद घडतो तो या वळणात आणि ती रीड ज्या खाचेत बसते तिच्या मापात.

४. पुनरुज्जीवनाची प्रक्रिया

४.१ नोंद : वाद्य उघडण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कंपनीचा अनुक्रमांक, खटक्यांचा क्रम, आतील पेन्सिलीच्या खुणा व जुन्या दुरुस्तीचे ठिगळ यांची नोंद करावी. अनेक कंपन्यांच्या अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्ष ठरविता येते. वाजणाऱ्या प्रत्येक रीडची कंपनसंख्या मोजून लिहून ठेवावी. एकदा रीड घासली की हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

४.२ रीड काढणे व स्वच्छ करणे : रीड तिच्या टोकाकडील खाचेत आकडा अडकवून सरळ ओढली जाते. काढलेली प्रत्येक रीड क्रमांक घातलेल्या फळीवर त्याच क्रमाने ठेवावी. शेजारच्या खाचेत बसलेली रीडही वेगळी बोलते. पितळ स्वच्छ करण्याचा आपला घरगुती उपाय चिंचेचा किंवा पितळेच्या पावडरीचा आहे. भांड्यांसाठी तो योग्य असला तरी रीडसाठी घातक ठरतो. आम्लाने पितळाचा थर जातो, जीभ पातळ होऊन स्वर हलतो आणि रिव्हेटच्या फटीत राहिलेले आम्ल पुढे काम करीतच राहते. मऊ ब्रश आणि आवश्यक तेथे थोडे स्पिरिट एवढेच पुरेसे आहे. काळवंडलेली रीड उत्तम वाजू शकते. जिभेचे टोक वाकडे दिसते म्हणून ते सरळ करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

४.३ भाता : भात्याचे रबर लावलेले कापड काही दशकांत कडक होऊन चिरा पाडते. ते बदलणे हा वाद्यावरील अन्याय नव्हे. ते बदलण्यासाठीच असते. जुन्या सांध्यांत प्राणिज सरस वापरलेला असतो. ऊब व ओल दिली की तो सुटतो आणि लाकूड न मोडता भाग वेगळा होतो. नवे कापडही सरसानेच चिकटवावे. बाजारात सहज मिळणारा पांढरा कृत्रिम गोंद मजबूत असतो, परंतु पुढच्या कारागिराला तो लाकडासह उचकटावा लागतो. आपली दुरुस्ती पुढे कोणाला तरी उलगडता आली पाहिजे, हे जतनशास्त्राचे मूलतत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

भाता तयार झाल्यावर त्याची परीक्षा सोपी आहे. एकही पट्टी न दाबता पॅडल मारून साठवण भाता पूर्ण मिटवावा आणि तो पुन्हा उघडण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. तो तत्काळ उघडला तर कोठेतरी गळती आहे असे समजावे.

४.४ झडपा, नमदा व कीड : कसर नमदा खाते, झुरळे व उंदीर कातडे कुरतडतात आणि वाळवी तळाची फळी पोखरते. पट्टी सोडल्यावरही स्वर वाजत राहत असेल, तर झडपेखाली कचरा अडकलेला असतो किंवा कातडे ताठरलेले असते. नवे कातडे मेंढीचे, मऊ व एकसारख्या जाडीचे असावे. जाडी बदलली की झडपेची उघडीप व पट्टीची खोली दोन्ही बदलतात.

४.५ लाकूड : या वाद्यांचे बाह्यांग बहुधा अक्रोडाचे आणि अंतर्भाग पाइनसारख्या हलक्या लाकडाचा असतो. वऱ्हाडातील सुतार स्वाभाविकपणे मेळघाटच्या सागाची शिफारस करतो. साग टिकाऊ आहे, तथापि तो तेलकट असल्याने त्यावर सरस नीट धरत नाही आणि हलक्या लाकडाशेजारी तो वेगळ्या प्रमाणात फुगतो-आकसतो. अंतर्भागातील ठिगळ शक्यतो देवदारासारख्या जुन्या, मुरलेल्या लाकडाचे असावे. बाह्यांग खरवडून नवे पॉलिश करण्याचा मोह टाळावा. कंपनीच्या प्रवासातील ओरखडे हाही इतिहासच आहे.

४.६ तुटलेली रीड : येथे सर्वांत जास्त सावधगिरी हवी. गुजरातमधील पालिताणा हार्मोनियमच्या रीडसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथील रीड हवा दाबणाऱ्या पेटीसाठी घडविलेली असते. तिचे माप व बसविण्याची पद्धत निराळी असते. संपूर्ण ओळ काढून तेथे नव्या रीड ठोकल्यास वाद्य वाजेल, पण तो ऑर्गन राहणार नाही. त्याच बनावटीच्या निकामी वाद्यातील समान रीड मिळविणे, अथवा जुन्या चौकटीवर नवी पितळी जीभ बसवून तशी खूण करणे, हेच मार्ग योग्य होत. रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे अलीकडील काळात नव्याने ऑर्गन घडविण्याचे काम झाले आहे. नवा ऑर्गन हवा असणाऱ्याने नवाच घ्यावा; त्यासाठी जुन्याचा बळी देऊ नये.

५. स्वर मिळविण्याचा प्रश्न

रीडच्या टोकाजवळ घासले असता स्वर चढतो आणि मुळाजवळ घासले असता उतरतो. दोन्ही क्रियांत धातू जातो, तो परत येत नाही. म्हणून स्वर मिळविण्याचे काम सर्वांत शेवटी, नवे कापड व कातडे बसल्यानंतर काही आठवड्यांनी करावे.

येथे तीन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न मूळ उंचीचा. १८९१ मध्ये अमेरिकी पियानो उत्पादकांनी मध्य सप्तकातील 'ए' या स्वरासाठी ४३५ कंपनसंख्या स्वीकारली होती. आजचे प्रमाण ४४० आहे. दोहोंत सुमारे २० सेंटचा फरक पडतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी जुळावे म्हणून १२२ रीड घासण्यापेक्षा तानपुराच थोडा उतरविणे शहाणपणाचे होय, कारण त्याची उंची बदलण्यास एक कळ पुरेशी असते.

दुसरा प्रश्न स्वरसप्तकाचा. समविभागी सप्तकातील गांधार शुद्ध संवादी गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. या दोषावर आपल्याकडे दीर्घ विचार झाला. सांगलीचे कृ. ब. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी १९१० च्या सुमारास श्रुतिहार्मोनियमचा पुरस्कार केला, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. तथापि रंगभूमीवर हाच चढा गांधार गायकाच्या गळ्याखाली वाजत होता आणि कुशल वादक तो स्वर टाळून, झाकून किंवा ओझरता घेऊन साथ करीत. साथीचे हे कौशल्य समजून घ्यावयाचे असेल तर वाद्याची मूळ स्वरयोजना कायम राहिली पाहिजे.

तिसरा प्रश्न 'सेलेस्ट' नावाच्या ओळीचा आहे. ही ओळ शेजारच्या ओळीपेक्षा हेतुपुरस्सर किंचित चढी वा उतरी ठेवलेली असते. दोन्ही एकत्र वाजल्या की स्वराला मंद लहरी येतात. ही ओळ बेसूर झाली आहे असा समज करून कारागीर ती 'दुरुस्त' करतो आणि वाद्याचा एक संपूर्ण रंग पुसला जातो. वर सांगितलेली मूळ कंपनसंख्येची नोंद अशा वेळी उपयोगी पडते.

६. वऱ्हाडातील घरात स्थापना

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे अकोल्याला नवीन नाही. अमरावतीही फार मागे नसते. या दिवसांत हवा कमालीची कोरडी होते, लाकूड आकसते व रीडची फळी तडकण्याचा संभव असतो. जूनच्या अखेरीस तीच हवा ओलसर होते आणि पट्ट्या फुगून अडकू लागतात. या नैसर्गिक बदलापेक्षाही अधिक त्रासदायक गोष्ट म्हणजे वऱ्हाडातील घरोघरी असणारा वाळ्याचा कूलर होय. दुपारी दमट आणि कूलर बंद होताच पुन्हा कोरडी, असा ऋतुपालट वाद्याला रोज सोसावा लागतो. तेव्हा ऑर्गन कूलरच्या झोतात, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकून किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. घरातील आतली, शक्यतो मातीच्या वा जाड विटांच्या भिंतींची खोली उत्तम. उन्हाळ्यात वाद्यावर जाड सुती आच्छादन घालावे. प्लास्टिक पावसाळ्यात ओल कोंडून ठेवते.

भिंत व वाद्य यांत वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे वाळवीची माती वेळीच दिसते आणि मागची फळी काढता येते. काळ्या मातीवरील घरांची जमीन ऋतुमानाप्रमाणे हलते. त्यामुळे वाद्य समपातळीत आहे की नाही, हे वर्षातून दोनदा पाहून पायांखाली लाकडी पाचर द्यावी. तिरप्या वाद्यात पट्ट्या व खुंट्या घासतात.

नाट्यगृहासाठी निवडलेले वाद्य बारा-पंधरा फुटांच्या खोलीत मोठे वाटणे साहजिक आहे. त्यासाठी आत कापड कोंबणे चुकीचे ठरते. एकच ओळ उघडून, गुडघ्याची फळी बंद ठेवून वाजविल्यास नाद घरगुती होतो. विजेची मोटर बसविण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. पॅडलवरील पायाचा दाब हा ऑर्गनवादकाचा श्वास असतो, आणि पदाच्या ओळीतील चढ-उतार त्यातूनच येतो. एकसारखी ओढ देणारी मोटर हा श्वास काढून घेते. शिवाय वीज गेली तरी वाजत राहणे हा या वाद्याचा गुण आहे आणि वऱ्हाडातील उन्हाळ्यात तो लहान म्हणता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाची निगा म्हणजे वादन. रोज पंधरा-वीस मिनिटे सर्व पट्ट्या व सर्व खटके वापरले गेले तर कातडे मऊ राहते, झडपा अडकत नाहीत आणि किडीला निवांत जागा मिळत नाही.

निष्कर्ष

१. ऑर्गनमधील कापड, कातडे व नमदा हे बदलावयाचे भाग आहेत. रीड, रीडची फळी आणि मूळ स्वरयोजना हे जपावयाचे भाग आहेत.

२. प्रत्येक दुरुस्ती नोंदलेली व उलगडता येण्याजोगी असावी.

३. वऱ्हाडात तपमानापेक्षा आर्द्रतेतील जलद बदल अधिक घातक असून कूलरपासून संरक्षण ही स्थापनेची पहिली अट आहे.

४. हे कार्य एका विद्याशाखेचे नाही. कंपनसंख्या मोजण्यास भौतिकशास्त्र, पितळाच्या परीक्षणास रसायनशास्त्र, लाकूड व कीड ओळखण्यास वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र, आणि वादनपरंपरेच्या नोंदीस संगीत व मराठी या विभागांचे साहाय्य लागते. ही सर्व साधने आपल्या विभागातील अनेक महाविद्यालयांत उपलब्ध आहेत. आपापल्या गावातील वाडे, मंदिरे, शाळा व चर्च यांत असलेल्या ऑर्गनची साधी सूची करण्यापासून या कामाचा आरंभ करता येईल.

ध्वनिवर्धकापूर्वीच्या रंगभूमीचा नाद त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांतून अंशतःच ऐकू येतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गायकाचा गळा प्रामुख्याने उतरला आणि साथीचा ऑर्गन मागे राहिला. तो प्रत्यक्ष ऐकावयाचा असेल तर वाद्यच बोलते ठेवावे लागेल. या अर्थाने जुना ऑर्गन हा घरातील शोभेचा नग नसून संगीत नाटकाच्या इतिहासाचे अस्सल साधन आहे, आणि अस्सल साधनाला लावावयाची शिस्त त्यालाही लावली पाहिजे.